९ नोव्हेंबर, २८ जून, ३० जानेवारी: एकाच तारखेला इतकं का घडतं?

दप्तरदार

दिनविशेषाची यादी वाचताना मला एक गोष्ट कायम खटकते. एका तारखेखाली दहा-बारा ओळी असतात, सगळ्या एकाच मापाच्या. त्यातली कुठली ओळ वरच्या ओळीमुळे घडली, कुठली निव्वळ योगायोगाने शेजारी येऊन बसली आणि कुठली मुळात त्या तारखेची नाहीच, हे यादी सांगत नाही. मला तर खरा इतिहास तिथेच दिसतो. म्हणून हा धागा.

जर्मनीचा ९ नोव्हेंबर घ्या. १९१८ साली या दिवशी कैसरच्या, म्हणजे जर्मन सम्राटाच्या, पदत्यागाची घोषणा झाली आणि समाजवादी पुढारी फिलिप शायडेमानने राइशस्टागच्या, म्हणजे संसदेच्या, सज्जातून प्रजासत्ताक जाहीर केलं. १९२३ साली याच दिवशी म्युनिकमध्ये हिटलरचा उठाव पोलिसांच्या गोळ्यांपुढे फसला. १९३८ साली या रात्री देशभर ज्यूंची प्रार्थनास्थळं जाळली गेली, दुकानं फोडली गेली. आणि १९८९ साली याच रात्री बर्लिनची भिंत उघडली. चारही घटना देशाचं नशीब फिरवणाऱ्या. वाचणारा म्हणतो, काय विलक्षण योगायोग!

पण १९३८ ची ओळ १९२३ च्या ओळीतून निघालेली आहे. सत्तेवर आल्यानंतर हिटलर दर वर्षी ८ आणि ९ नोव्हेंबरला म्युनिकला जायचा. फसलेल्या उठावातल्या जुन्या साथीदारांचा तिथे मेळावा भरायचा. ७ नोव्हेंबर १९३८ ला पॅरिसमध्ये हर्शेल ग्रिनश्पान या सतरा वर्षांच्या ज्यू मुलाने एर्न्स्ट फॉम राथ या जर्मन वकिलातीतल्या अधिकाऱ्यावर गोळ्या झाडल्या. फॉम राथ ९ तारखेला दुपारी मेला. बातमी म्युनिकला पोचली तेव्हा पक्षाचे झाडून सगळे पुढारी त्या मेळाव्यासाठी एका छताखाली जमलेले होते. प्रचारमंत्री गोबेल्सने तिथेच भाषण केलं आणि तिथूनच गावोगावच्या पक्ष कचेऱ्यांना टेलिफोन गेले. फॉम राथचा मृत्यू नेमका त्या दिवशी झाला हा योगायोग. हुकूम द्यायला आणि घ्यायला सगळे एकाच दालनात होते, हा मात्र योगायोग नव्हे. ते वर्धापनदिनासाठी आले होते. नाझी पुढाऱ्यांच्या मनात ज्यूंविषयीचं विष त्याआधी कित्येक वर्षं साठलेलं होतंच. ते एका रात्रीत देशभर कसं ओतलं गेलं, याच्या उत्तरात तारखेचा वाटा आहे.

पुढच्या वर्षीचं आणखी बोलकं आहे. गेओर्ग एल्झर हा एक साधा सुतार. त्याला हिटलरला मारायचं होतं आणि हिटलर कधी कुठे असेल हे सहसा कुणाला कळत नसे. एक दिवस सोडून. ८ नोव्हेंबरच्या संध्याकाळी तो म्युनिकच्या त्याच बिअर हॉलमध्ये, त्याच व्यासपीठावर उभा राहणार, हे सगळ्या जर्मनीला ठाऊक होतं. एल्झर रात्री-रात्री त्या हॉलमध्ये लपून राहिला आणि व्यासपीठामागचा खांब पोखरून त्यात घड्याळाचा बाँब बसवला. ८ नोव्हेंबर १९३९ ला बाँब ठरल्याप्रमाणे रात्री ९:२० ला फुटला. धुक्यामुळे विमानाऐवजी रेल्वेने परतायचं ठरल्याने हिटलर तेरा मिनिटं आधीच बाहेर पडला होता. आठ माणसं मेली, तो वाचला.

मला सांगायचं आहे ते हेच. तारीख एकदा पाळायची ठरली की त्या दिवशी कोण कुठे असणार हेही ठरून जातं. मग ती तारीख पुढच्या घटनेला जागा करून देते.

आपल्याकडे २२ जून १८९७. लंडनमध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची मिरवणूक, आणि त्याच रात्री पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड आणि आयर्स्टवर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच मेला, रँड ३ जुलैला. प्लेगच्या काळात रँडच्या हाताखालच्या सोल्जरांनी घराघरांत घुसून जे केलं त्याचा हा सूड होता. पण त्यासाठी हीच रात्र का? कारण महोत्सवाच्या समारंभासाठी रँड गव्हर्नरच्या बंगल्यावर जाणार आणि त्याच रस्त्याने परतणार हे पक्कं होतं. इजिप्तमध्ये अन्वर सादात यांनी ६ ऑक्टोबर १९७३ ला सुएझ कालवा ओलांडून इस्राएलवर चाल केली. दर ६ ऑक्टोबरला त्याचं संचलन व्हायला लागलं. १९८१ च्या संचलनात, व्यासपीठावर बसलेले असतानाच, त्यांना त्यांच्याच सैनिकांनी मारलं. दिनविशेषात या दोन ओळी येतात: ‘१९७३: युद्ध सुरू’, ‘१९८१: सादात यांची हत्या’. मधला धागा गायब.

तुम्हाला अशा कुठल्या तारखा माहीत आहेत? नुसत्या जोड्या देऊ नका, जोडी का जुळली तेही लिहा.

पिंपळपान

उत्तम विषय. २६ जानेवारीपासून भर घालते.

राज्यघटना स्वीकारली गेली २६ नोव्हेंबर १९४९ ला. पूर्ण अमलात यायला दोन महिने थांबली, ती २६ जानेवारीसाठी, कारण १९३० साली त्या दिवशी देशभर पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा घेतली गेली होती. इथपर्यंत शाळेत शिकवतात. पण १९३० मध्ये तरी २६ का? लाहोरच्या अधिवेशनात ठराव झाला डिसेंबरअखेर, आणि प्रतिज्ञेसाठी जानेवारीतला शेवटचा रविवार नेमला. तो २६ ला आला. म्हणजे सुट्टीच्या दिवशी लोक जमतील या साध्या हिशेबातून आलेली तारीख वीस वर्षांनी प्रजासत्ताकाची तारीख झाली. १९५० साली त्या दिवशी गुरुवार होता.

१५ ऑगस्टही तसाच. ब्रिटिश सरकारने आधी सत्तांतरासाठी जून १९४८ ची मुदत दिली होती. माउंटबॅटननी ती अलीकडे ओढली आणि १५ ऑगस्ट नेमला. जपानच्या शरणागतीला त्या दिवशी दोन वर्षं होत होती आणि आग्नेय आशियातल्या दोस्त फौजांचे सरसेनापती तेच होते. दक्षिण कोरियाचा स्वातंत्र्यदिनही १५ ऑगस्ट. १९४५ साली जपानची सत्ता सुटली तो दिवस, आणि १९४८ साली त्याच तारखेला तिथलं प्रजासत्ताक स्थापन झालं. दोन देशांचा एकच स्वातंत्र्यदिन दिसतो तेव्हा त्याचं मूळ जपानी सम्राट हिरोहितोच्या रेडिओवरच्या शरणागतीच्या भाषणात आहे.

त्याच तारखेला श्री अरविंदांचा जन्म (१८७२) आणि नेपोलियनचा जन्म (१७६९). हे मात्र तुमच्या दुसऱ्या वर्गातले, शेजारी येऊन बसलेले.

शून्यवेळ

धागा आवडला, पण थोडा विरोधी सूर लावतो. कारण शोधायच्या नादात आपण योगायोगाला फार कमी लेखतो.

गणित बघा. समजा जगाच्या इतिहासातल्या पन्नास हजार नोंदी घेतल्या आणि त्या ३६६ तारखांवर वाटल्या. प्रत्येक तारखेला साधारण १३७ येतील. पण आपण नोंदी वाचत नाही, जोड्या शोधतो. १३७ नोंदींतून नऊ हजारांवर जोड्या होतात, त्याही एकाच तारखेला. त्यातल्या पाच-दहा अंगावर काटा आणणाऱ्या नसतील तरच नवल. २३ माणसं एका खोलीत असली तर त्यातल्या दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते, तेही याच कारणाने: २३ माणसांत २५३ जोड्या असतात.

गॅलिलिओ वारला ८ जानेवारी १६४२ ला. बरोबर तीनशे वर्षांनी, ८ जानेवारी १९४२ ला, स्टीफन हॉकिंग जन्मले. ते वारले १४ मार्च २०१८ ला, आइनस्टाइनच्या जन्मतारखेला. लोक यावरून काय काय लिहितात! हॉकिंग स्वतः सांगायचे की त्या ८ जानेवारीला जगात आणखी अंदाजे दोन लाख मुलं जन्मली असतील.

निसर्गाला तर तारीख ठाऊकच नाही. १९ सप्टेंबर १९८५ ला मेक्सिकोत भीषण भूकंप झाला, हजारो माणसं गेली. त्याची आठवण म्हणून तिथे दर १९ सप्टेंबरला देशभर भूकंपाची रंगीत तालीम होते. २०१७ साली सकाळी अकराला तालीम झाली आणि दोन तासांनी खरा भूकंप आला, ७.१ तीव्रतेचा. २०२२ साली पुन्हा १९ सप्टेंबर, पुन्हा तालीम, आणि तासाभराच्या आत पुन्हा भूकंप. मेक्सिकोतल्या माणसाला तुम्ही कुठल्या तोंडाने सांगाल की हा योगायोग आहे? पण तो योगायोगच आहे. जमिनीखालच्या स्तरांना सप्टेंबर कळत नाही. इराणमधल्या बामचा भूकंप २६ डिसेंबर २००३ चा आणि हिंदी महासागरातली त्सुनामी २६ डिसेंबर २००४ ची. तिथेही हेच.

दप्तरदार

शून्यवेळ, तुमचं गणित मान्य. मेक्सिकोचं उदाहरण तर फार मोलाचं आहे, कारण तिथे तारीख पाळण्याने भूकंप आला नाही, पण माणसं मात्र काही तासांपूर्वीच जिने उतरून मोकळ्या जागी जाऊन आलेली होती. पाळलेल्या तारखेचा परिणाम घटनेवर नाही, घटनेला सामोरं जाणाऱ्यांवर झाला.

पण ४ जुलैचं काय करायचं? अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला ४ जुलै १८२६ ला पन्नास वर्षं पूर्ण झाली आणि त्याच दिवशी थॉमस जेफरसन व्हर्जिनियात आणि जॉन ॲडम्स मॅसॅच्युसेट्समध्ये वारले. जेफरसन दुपारी, ॲडम्स संध्याकाळी. तार तेव्हा नव्हती, एकाची खबर दुसऱ्याला कळणं शक्य नव्हतं. पाच वर्षांनी, ४ जुलै १८३१ ला, जेम्स मन्रोही गेले. पहिल्या पाच अध्यक्षांपैकी तिघे एका तारखेला.

शून्यवेळ

आधीच नेमलेल्या एका तारखेला पाचांतले तिघे जाण्याची शक्यता ढोबळ मानाने ४८ लाख ६० हजारांत एक. हा आकडा मी झटकून टाकत नाही. पण इथे तारीख त्या माणसांना ठाऊक होती, हे विसरू नका. जेफरसन ८३ वर्षांचे, ॲडम्स ९० चे, दोघेही अंथरुणाला खिळलेले. आदल्या रात्री शुद्धीवर येऊन जेफरसन ‘चार तारीख उजाडली का’ असं विचारत होते, असं त्यांच्याजवळच्यांनी लिहून ठेवलं आहे. मृत्यू खरंच असा पुढे ढकलता येतो का, ते वैद्यकातले जाणकार सांगतील. चौथे अध्यक्ष मॅडिसन १८३६ साली २८ जूनला गेले. ४ जुलैपर्यंत तग धरण्यासाठी औषधं देऊ का, असं विचारल्यावर त्यांनी नकार दिला, अशी हकिकत सांगतात.

गंमत म्हणजे खुद्द ॲडम्सना वाटत होतं की लोक २ जुलै साजरा करतील. स्वातंत्र्याचा ठराव २ जुलै १७७६ ला मंजूर झाला आणि ३ तारखेला त्यांनी बायकोला पत्रातून तसं कळवलंही. ४ तारखेला मंजूर झाला तो जाहीरनाम्याचा मजकूर. बहुतेक सह्या तर २ ऑगस्टला झाल्या.

मोडीवाचक

तिसऱ्या वर्गाबद्दल, म्हणजे ‘मुळात त्या तारखेची नाहीच’ याबद्दल, कुणी लिहिलं नाही. ते मी लिहितो, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त घोळ तिथे आहे.

नेहमीचं उदाहरण २३ एप्रिल १६१६. शेक्सपिअर आणि सर्व्हान्टिस एकाच दिवशी गेले असं सर्रास छापतात. स्पेनने १५८२ सालीच ग्रेगोरियन, म्हणजे आपण आज वापरतो ते, पंचांग घेतलं होतं, इंग्लंड जुन्या ज्युलियनवर होतं. दोन्हींत तेव्हा दहा दिवसांचा फरक. शेक्सपिअरचा २३ एप्रिल म्हणजे स्पेनमधला ३ मे. शिवाय सर्व्हान्टिस २२ ला वारला, २३ ला पुरला. म्हणजे तारीख एक आणि दिवस वेगळे. युनेस्कोने १९९५ साली पुस्तक दिनासाठी हीच तारीख घेतली, त्यामुळे ती आता सुटणार नाही.

इंग्लंडने जुनं ज्युलियन पंचांग सोडलं १७५२ साली. तिथे २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर उजाडला. हा नियम डोक्यात ठेवून आता आपल्याकडे या.

शिवराज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. इंग्रजी तारीख आपण ६ जून १६७४ देतो. मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर हजर होता आणि इंग्रजांचं पंचांग तेव्हा ज्युलियन. आपली ६ जून ही त्याच पंचांगातली. पोर्तुगीजांनी ग्रेगोरियन आधीच घेतलं होतं, तेव्हा गोव्याच्या हिशेबाने तो दिवस १६ जून. ६ जूनच्या दिनविशेषात शिवराज्याभिषेक आणि १९४४ चं नॉर्मंडीतलं सैन्य उतरणं शेजारी-शेजारी दिसतात तेव्हा एक ओळ जुन्या पंचांगातली आणि एक नव्या पंचांगातली असते. शिवजन्माची १९ फेब्रुवारी १६३० हीसुद्धा ज्युलियन, ग्रेगोरियनने १ मार्च. तारीख बदला असं मी अजिबात म्हणत नाही. तिला आता स्वतःचं आयुष्य आहे. फक्त तिच्या शेजारी दुसरं काही ठेवून योगायोग काढू नका.

दुसरं पानिपत. १४ जानेवारी १७६१, पौष शुद्ध अष्टमी. ही तारीख नव्या पंचांगातली, त्यामुळे तिच्यात हा दोष नाही. पण ‘ऐन संक्रांतीच्या दिवशी पानिपत झालं’ असं जे लिहितात ते चुकीचं आहे. संक्रांत निरयन गणिताने, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेल्या सूर्याच्या स्थितीवरून, ठरते आणि इंग्रजी तारखेच्या मानाने साठ-सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि त्या दिवशी मकर संक्रांत होती. मग त्याच्या शंभर वर्षं आधी ती १० जानेवारीच्या आसपास पडणार. भाऊसाहेब लढाईला निघाले तेव्हा संक्रांत होऊन गेली होती. आपण आजची १४ जानेवारी उचलून १७६१ वर ठेवतो आणि मग त्यातून नियतीचा संकेत वाचतो.

मेघमल्हार

वाचतेय. मोडीवाचक, प्रतिसाद जपून ठेवला आहे. एक शंका: ‘गॅलिलिओ गेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला’ असंही वाचलं आहे. त्यातही हीच भानगड का?

मोडीवाचक

हो, अगदी तीच. न्यूटनचा जन्म २५ डिसेंबर १६४२, इंग्लंडच्या पंचांगाने. गॅलिलिओ ज्या इटलीत वारला तिथल्या पंचांगाने तो दिवस ४ जानेवारी १६४३. एका पंचांगात धरलं तर वर्ष वेगळं.

सह्यवारा

३० जानेवारीबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. या तारखेत दप्तरदारांचे पहिले दोन्ही वर्ग आहेत आणि ते ओळखू न आल्याने लोक भलतेच निष्कर्ष काढतात.

१६४९ साली या दिवशी इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्स राजाचा शिरच्छेद झाला. राजेशाही परत आल्यावर १६६१ साली राजाविरुद्धच्या बंडाचा पुढारी क्रॉमवेल याचं प्रेत थडग्यातून उकरून फासावर लटकवलं आणि मुंडकं उडवलं, तेही ३० जानेवारीलाच. हा सरळ ठरवून घेतलेला सूड. तारीख हाच त्या शिक्षेचा अर्धा भाग होता.

१९३३ साली ३० जानेवारीला हिटलर चॅन्सेलर झाला. १९४५ साली याच तारखेला बाल्टिक समुद्रात रशियन पाणबुडीने ‘विल्हेल्म गुस्टलॉफ’ हे जहाज बुडवलं. त्यावर पूर्व प्रशियातून पळणारे निर्वासित खचाखच भरले होते, बायका आणि मुलं सर्वांत जास्त. मृतांचा अंदाज नऊ हजारांच्या घरात जातो. एका जहाजावर इतकी माणसं समुद्रात याआधी किंवा नंतर क्वचितच गेली असतील. ज्या नाझी पुढाऱ्याचं नाव जहाजाला दिलं होतं त्याचा जन्मही ३० जानेवारीचा, १८९५ सालचा. आणि त्याच संध्याकाळी सत्ताग्रहणाच्या वर्धापनदिनाचं हिटलरचं भाषण रेडिओवर चालू होतं. यातलं भाषण तारखेमुळे, बाकी सगळं योगायोग. पाणबुडीच्या कप्तानाला लक्ष्य दिसलं, त्याने टॉर्पेडो सोडले.

आणि १९४८. गांधीजींची हत्या ३० जानेवारीला झाली, तिचा या कशाशीही संबंध नाही. मारेकऱ्यांचा पहिला प्रयत्न २० जानेवारीचा होता, बिर्ला भवनातच, तो फसला. पुन्हा जमवाजमव करून ते परतले तो दिवस ३० ठरला. काही ठिकाणी हिटलर आणि गांधीजी या दोन ओळी जोडून ‘ही तारीखच अशुभ’ असं लिहिलेलं वाचलं. याने मला खरोखर त्रास होतो. तारखेवर दोष टाकला की ज्यांनी कट केला त्यांच्यावरचं लक्ष हटतं.

पिंपळपान

सह्यवारा, शेवटच्या वाक्याशी शंभर टक्के सहमत.

अवकाशवेडी

जरा वेगळ्या अंगाने. योजना एका तारखेची आणि यंत्राने नेलं दुसऱ्याच तारखेला, अशी दोन उदाहरणं.

१२ एप्रिल १९६१ ला युरी गागारिन अंतराळात गेला. १२ एप्रिल १९८१ ला अमेरिकेचं पहिलं स्पेस शटल, कोलंबिया, उडालं. बरोबर वीस वर्षं! सगळ्यांना वाटतं मुद्दाम. मुळीच नाही. उड्डाण १० एप्रिलला होतं. चार मुख्य संगणक आणि पाचवा राखीव संगणक यांच्या वेळा जुळेनात म्हणून ते दोन दिवस लांबलं. इतका सुबक मुहूर्त संगणकाच्या बिघाडाने साधला.

व्हायकिंग-१ उलट. ते मंगळावर ४ जुलै १९७६ ला उतरवायचं होतं, अमेरिकेच्या द्विशताब्दीला. वरून घेतलेल्या छायाचित्रांत नेमलेली जागा फार खडबडीत दिसली. शास्त्रज्ञांनी देशाच्या सोहळ्याचा मोह सोडला, दुसरी जागा शोधली आणि यान उतरलं २० जुलैला. ती निघाली अपोलो-११ च्या चांद्रावतरणाची तारीख, सात वर्षांनंतरची. सोहळ्यासाठी घाई केली असती तर यान बहुधा दगडांवर आपटलं असतं. त्या निर्णयाबद्दल मला फार आदर वाटतो.

२० जुलैबद्दल आणखी एक. नील आर्मस्ट्राँगने चंद्रावर पाऊल ठेवलं तेव्हा अमेरिकेत २० जुलैची रात्र होती. भारतात २१ जुलैच्या सकाळचे साडेआठ वाजायला आले होते. म्हणजे आपल्या आजी-आजोबांनी तो क्षण २१ तारखेला ऐकला. मोडीवाचकांनी पंचांगाचं सांगितलं, घड्याळाचंही तसंच आहे.

मोडीवाचक

घड्याळाचं सगळ्यात तिखट उदाहरण दुसऱ्या महायुद्धातलं. पर्ल हार्बर ७ डिसेंबर १९४१, आणि मलायात कोटा बारूच्या किनाऱ्यावर जपानी सैन्य उतरलं ८ डिसेंबरला. यादी वाचली तर वाटतं आधी हवाई, दुसऱ्या दिवशी मलाया. प्रत्यक्षात कोटा बारूवरचा हल्ला तासाभराने आधी सुरू झाला. आंतरराष्ट्रीय वाररेषा मधे असल्याने आधीची घटना नंतरच्या तारखेवर गेली. टोकियोच्या दृष्टीने दोन्ही ८ डिसेंबरलाच. युरोपातलं युद्ध संपल्याचा दिवस पश्चिमेत ८ मे आणि रशियात ९ मे, तोही मॉस्कोच्या घड्याळामुळे.

मेघमल्हार

मला एक जोडी द्यायची आहे, जिच्यात एका घटनेने दुसरी गिळली. ५ मार्च १९५३ ला स्टालिन मेला. त्याच संध्याकाळी, मॉस्कोतच, संगीतकार सर्गेई प्रोकोफिएव्ह वारला. त्याचं घर लाल चौकाजवळ. स्टालिनच्या अंत्यदर्शनाच्या गर्दीने रस्ते इतके कोंडले की प्रोकोफिएव्हचं शव कित्येक दिवस नीट हलवता येईना. शहरातली फुलं स्टालिनसाठी गेली. वर्तमानपत्रांत त्याच्या मृत्यूची बातमीही लगोलग आली नाही. ज्या राजवटीने १९४८ मध्ये जाहीर ठपका ठेवून त्याचं संगीत बंद पाडलं, तिच्या प्रमुखाने त्याच्या मरणाची जागाही घेतली.

२२ नोव्हेंबर १९६३ चंही तसंच. त्या दिवशी ऑल्डस हक्स्ली आणि सी. एस. लुईस हे दोघे लेखक गेले. केनेडींच्या हत्येच्या बातमीखाली दोघेही दिसेनासे झाले.

दप्तरदार

मेघमल्हार, हा चौथा वर्ग माझ्या डोक्यातच नव्हता, फार चांगला आहे.

माझ्याकडून शेवटची तारीख २८ जून, कारण तिच्यात आतापर्यंतचं जवळजवळ सगळं आहे. सर्ब लोकांचा विदोवदान हा सण या दिवशी असतो, तुर्कांशी झालेल्या कोसोवोच्या लढाईच्या आठवणीचा. १३८९ साली तेव्हाच्या ज्युलियन पंचांगाने लढाई झाली १५ जूनला. आज २८ जून म्हणतात ते विसाव्या शतकातला तेरा दिवसांचा फरक मिळवून. १३८९ साली फरक आठच दिवसांचा होता. म्हणजे तारीख पंचांगाने घडवलेली. पण १९१४ साली सर्ब तरुणांच्या मनात तीच होती. नेमक्या त्या दिवशी ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड सारायेव्होत मोटारीतून फिरला आणि गाव्रिलो प्रिन्सिपने त्याला आणि त्याची पत्नी सोफी हिला गोळ्या घातल्या. चौदा वर्षांपूर्वी, २८ जून १९०० ला, याच युवराजाने व्हिएन्नात शपथ घेतली होती की सोफीपासून होणाऱ्या मुलांना गादीवर हक्क नसेल. हा भाग निव्वळ योगायोग. पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहावर सह्या झाल्या २८ जून १९१९ ला, हत्येनंतर बरोबर पाच वर्षांनी. १९२१ साली युगोस्लाव्ह राज्याची घटना विदोवदानलाच मंजूर झाली. १९८९ साली लढाईच्या सहाशेव्या वर्षी सर्बियाचा नेता मिलोशेविचने कोसोवोत त्याच मैदानावर प्रचंड सभा घेतली. आणि २००१ साली त्याच मिलोशेविचला हेगच्या आंतरराष्ट्रीय युद्धगुन्हे न्यायालयाकडे सोपवलं, तेही २८ जूनला.

सह्यवारा

जर्मन लोकांनी उलट केलं, हे तुमच्या पहिल्या मजकुराला जोडतो. भिंत उघडली ९ नोव्हेंबर १९८९ ला, तीही एका गोंधळातून. प्रवासाचे नवे नियम दुसऱ्या दिवशी लागू व्हायचे होते. पूर्व जर्मनीच्या सत्ताधारी पक्षाचा प्रवक्ता गुंटर शाबोव्स्कीला पत्रकार परिषदेत विचारलं, कधीपासून? त्याने कागद चाळत सांगितलं, लगेच. त्या रात्री लोक नाक्यांवर लोटले आणि पहारेकऱ्यांना दारं उघडावी लागली. एवढा आनंदाचा दिवस, पण राष्ट्रीय दिन म्हणून तो घेतला नाही, कारण त्याच तारखेवर १९३८ ची रात्र होती. राष्ट्रीय दिन केला ३ ऑक्टोबर, १९९० सालच्या एकीकरणाचा.

पिंपळपान

न निवडलेल्या तारखेवरून निवडलेली आठवली. २ डिसेंबर १८०४, नेपोलियनचा राज्याभिषेक. १८०५, ऑस्टरलिट्झचा विजय. मग त्याचा पुतण्या लुई नेपोलियन: १८५१ साली लोकनियुक्त अध्यक्ष असताना त्याने २ डिसेंबरच्या पहाटे विरोधकांना बिछान्यातून उचललं आणि संसद मोडली. १८५२ साली पुन्हा २ डिसेंबरलाच स्वतःला सम्राट घोषित केलं. पहिल्या दोन तारखा काकाच्या, पुढच्या दोन पुतण्याने काकाच्या नावावर उचललेल्या. १८५१ नंतर हजारोंना अटक झाली, कित्येकांना अल्जीरियाला धाडलं.